संकटाच्या दिवसांत घरची मुकी जनावरे

(पावसाळ्यापूर्वी झालेल्या साहाय्यकांच्या मेळाव्यातील भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात मी बालवाडीविषयी, वसतिगृहातील मुलींविषयी किंवा आरोग्य शिबिरांविषयी बोलत असते. या वर्षी मला ‘पावसाळ्याची तयारी’ हा विषय दिला आहे. ताडपत्र्या, धान्य, औषधे यांचा हिशेब आपल्या हातातील अहवालात छापलेला आहे, तो आपण वाचालच. मी आज त्या अहवालात नसलेल्या सभासदांविषयी बोलणार आहे. म्हणजे पाड्यावरच्या शेळ्या, कोंबड्या, बैल आणि कुत्री. काही जण हसले, ते मला दिसले. हरकत नाही. पण पुढची पंधरा-वीस मिनिटे मन लावून ऐका. कारण माझ्या अनुभवाप्रमाणे पुरात माणसाचा जीव वाचणार की नाही, हे पुष्कळदा दारात बांधलेल्या शेळीवर अवलंबून असते.

आपले काम रायगड जिल्ह्यातील कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर चालते, हे आपणांस ठाऊक आहे. काही पाडे ओढ्याकाठी आहेत, काही डोंगराच्या कुशीत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी डोंगराखाली गाडली गेली. चार वर्षांत तीन मोठी संकटे या एका जिल्ह्याने पाहिली. लहान संकटांची तर मोजदादच नाही.

अशाच एका जुलैतली गोष्ट सांगते. ओढ्याचे पाणी चढू लागले, म्हणून संध्याकाळी एका पाड्यावरची सगळी घरे शाळेत हलवायचे ठरले. माणसे निघाली. शाळेपाशी आल्यावर तिथली व्यवस्था पाहणाऱ्यांनी सांगितले, “माणसे आत, जनावरे बाहेर. इथे लेंड्या नकोत.” पाऊस कोसळत होता आणि बाहेर आडोसा नव्हता. एक आजी चार शेळ्या घेऊन आली होती. ती काही बोलली नाही. पाठ फिरवली आणि शेळ्या घेऊन पुन्हा पाड्याकडे चालू लागली. तिचा दहा-अकरा वर्षांचा नातू तिच्यामागे धावला. मी तिला गाठले आणि म्हटले, “आजी, जीव राहिला तर शेळ्या पुन्हा घेता येतील.” ती म्हणाली, “ताई, शेळ्या माझ्या नाय. अर्धेलीच्या हायत.”

शहरातल्या मंडळींसाठी याचा अर्थ सांगते. अर्धेलीने शेळी पाळणे म्हणजे शेळी दुसऱ्याची, सांभाळ आपला आणि पिल्ले निम्मी-निम्मी. शेळी मेली तर मालक भरपाई मागतो. ज्या घरात दिवाळीनंतर वीटभट्टीची उचल घ्यावी लागते, त्या घराने ही भरपाई कुठून द्यायची? पुढच्या वर्षीची उचल आणखी वाढते. म्हणजे आजी शेळ्यांच्या मोहापायी परत जात नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर नातवाच्या डोक्यावर चढणारे कर्ज होते. त्या रात्री पाड्यावरची तीन तरुण मुले दोर घेऊन गेली, त्यांनी आजीला, नातवाला आणि तीन शेळ्यांना आणले. चौथी शेळी वाहून गेली. सगळ्यांनी ती रात्र एका पडवीत काढली. तीन शेळ्यांना उभे राहायला चार हात जागा मिळत नव्हती, म्हणून पाच माणसांचे जीव धोक्यात आले.

हे एकट्या त्या आजीचे नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीचा महापूर आला, तेव्हा कितीतरी शेतकरी गोठा सोडून बोटीत बसायला तयार नव्हते, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले. दूरच्या अमेरिकेतही हेच घडले. 2005 साली कटरीना वादळात न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. बचाव पथके माणसांना नेत होती, पण कुत्र्या-मांजरांना नेत नव्हती. म्हणून अनेकांनी घर सोडायचे नाकारले. त्यातून धडा घेऊन पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, तिथे कायदा झाला की, सरकारी मदत हवी असेल तर राज्यांनी आणि शहरांनी आपत्तीच्या आराखड्यात घरच्या प्राण्यांचाही विचार केला पाहिजे. श्रीमंत देशातील माणूस आपल्या कुत्र्यासाठी अडून बसतो आणि कातकरी आजी शेळीसाठी परत फिरते. कारणे निरनिराळी असतील, पण दोघांच्याही दारातले पाणी तेवढ्याच वेगाने चढते.

आता कोणी विचारील, आणि मागच्या वर्षी एका देणगीदार बंधूंनी मला प्रेमानेच विचारलेही, “ताई, मुले अर्धपोटी असताना आपण शेळ्यांवर पैसे खर्च करायचे का?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी दोन बाजूंनी देते.

पहिली बाजू व्यवहाराची. पाड्यावर शेळी ही बँक आहे. मूल आजारी पडले, पावसाळ्यात धान्य संपले, कोणी मयत झाले, तर बोकड विकला जातो. कोंबडी ही तर चिल्लर. अंडी विकून मीठ-मिरची येते. बैलजोडी असली तर नाचणीचे आणि भाताचे शेत वेळेवर नांगरले जाते, नाहीतर दुसऱ्याच्या बैलांसाठी मजुरी करून थांबावे लागते. ज्या घराची जनावरे पुरात गेली, त्या घरातला मुलगा डिसेंबरात शाळा सोडून आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातो. आपण त्या मुलाच्या वह्यांसाठी पैसे देतो, गणवेशासाठी देतो. त्याला शाळेत टिकवणारी शेळी मात्र एका दोराअभावी बुडते. म्हणून मला हा खर्च मुलांच्या खर्चाहून वेगळा वाटत नाही.

दुसरी बाजू शास्त्राची. मिसरावर गारांची पीडा येणार होती, तो निर्गमाच्या नवव्या अध्यायातील प्रसंग आठवा. गारा पडण्याच्या आदल्या दिवशी इशारा दिला गेला, तोही फारोच्या लोकांना, म्हणजे इस्राएलाला गुलाम करणाऱ्यांना. इशाऱ्यात काय सांगितले होते? माणसांबरोबर गुरेढोरेही छपराखाली आणा. ज्यांनी ऐकले त्यांनी जनावरे आत आणली, ज्यांनी मनावर घेतले नाही त्यांची शेतातच राहिली. मी धर्मशास्त्राच्या वर्गात हा अध्याय अनेकदा वाचला होता. पण पाड्यावर काम करू लागल्यावर मला त्यातली एक साधी गोष्ट दिसली. इशारा वेळेवर आला होता, त्यात जनावरांचे नाव होते आणि त्यांना न्यायला छप्परही होते. आपल्याकडे हवामान खात्याचा नारिंगी, लाल इशारा आता मोबाइलवर येतो. आपल्यापाशी नसते ते छप्पर.

आणि नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेली ती गरीब माणसाची मेंढी? तिला त्याने आपल्या मुलांबरोबर वाढवले होते. पाड्यावर जाऊन पाहा, शेळीचे करडू पोरांच्या कुशीत झोपलेले दिसेल. तो दाखला तिथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

तर बंधुभगिनींनो, आता कामाचे बोलू. गेली काही वर्षे आम्ही मे महिन्यात पाड्यापाड्यावर बैठका घेऊन जी तयारी करून घेतो, ती सांगते. यात महागडे काहीच नाही.

पहिली गोष्ट लसीकरण. पावसाळ्याच्या तोंडावर गाई-बैलांना घटसर्प आणि फऱ्या यांची लस, शेळ्यांना आंत्रविषार आणि पीपीआरची लस, कोंबड्यांना मानमोडीची म्हणजे राणीखेतीची लस आणि कुत्र्यांना रेबीजची लस. शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातून हे काम होते, पण डॉक्टर पाड्यावर येतील त्या दिवशी सगळी जनावरे एका जागी असली पाहिजेत. ती गोळा करणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम. लस टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पाणी दारात आल्यावर लस शोधून उपयोग नाही. कुत्र्याच्या लशीला मी विशेष महत्त्व देते. निवाऱ्याच्या गर्दीत, विजांच्या कडकडाटात घाबरलेले कुत्रे चावू शकते आणि त्या रात्री रस्ता बंद असेल तर माणसाला रेबीजची लस मिळायला उशीर होतो.

दुसरी गोष्ट कानातला बिल्ला. पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडी क्रमांक असतो. जनावर हरवले तर ओळख पटते आणि सरकारी मदतीच्या वेळीही हा क्रमांक विचारतात. बैलांना तो लावून घेतात, शेळ्यांचा मात्र कंटाळा करतात. आम्ही आता प्रत्येक घराच्या जनावरांचा मोबाइलवर फोटो काढतो, शेजारी मालकाला उभे करून. अर्धेलीची शेळी असेल तर मालक कोण आणि सांभाळणारा कोण, हेही वहीत लिहून दोघांचे अंगठे घेतो. पुरात शेळी गेली तर नुकसान कोणी सोसायचे, हे पाऊस नसताना, शांत डोक्याने ठरवून घ्यायला सांगतो. काही मालकांनी ते मान्य केले, काही अजून तयार नाहीत. पण जिथे मान्य झाले, तिथे माणसे इशारा आल्यावर लवकर निघतात.

तिसरी गोष्ट दोर आणि गाठ. प्रत्येक जनावरासाठी एक मजबूत दावे आणि टोक ओढताच सुटणारी गाठ. गळ्यात फास बसणारी गाठ नको. दाराजवळ ठरलेल्या जागी कोयता ठेवायचा. पाणी एकदम आले किंवा उन्हाळ्यात झोपडीला आग लागली आणि जनावर न्यायला वेळच नसेल, तर दावे कापून मोकळे करायचे आणि आपण निघायचे. मोकळा बैल, मोकळी म्हैस पोहून उंचावर जाते, शेळीही काही अंतर काढते. बांधलेले जनावर मात्र जागीच बुडते. हे मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगते, कारण शेवटी कुत्र्यासाठी धावतात ती मुलेच.

चौथी गोष्ट कोंबड्या. पाय बांधून उलट्या लटकावून नेलेल्या कोंबड्या गुदमरतात, दगावतात. म्हणून डालगे किंवा झाकणाची टोपली आधीच डागडुजी करून ठेवायची, वर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचा. अंधारात कोंबडी शांत बसते. संध्याकाळी इशारा आला तर कोंबड्या खुराड्यातच असतात, ते काम पाच मिनिटांचे. सकाळी त्या रानभर पांगल्यावर एकही हाती लागत नाही. म्हणून लाल इशारा असेल त्या दिवशी खुराडे उघडायचे नाही.

पाचवी गोष्ट चारा-पाणी. आठवडाभर पुरेल एवढा पेंढा माचावर, ताडपत्रीखाली ठेवायचा. भिजून बुरशी आलेला पेंढा जनावराला घालू नये. पुराचे पाणी पाजू नये, बोअरिंगचे पाजावे. आणि पाऊस उघडल्यावर कोवळ्या लुसलुशीत गवतावर उपाशी शेळ्या एकदम सोडू नयेत. पोट फुगते, आंत्रविषार होतो, आणि पुरातून वाचलेली शेळी चांगल्या दिवशी मरते. आधी थोडा वाळला चारा, मग गवत.

सहावी गोष्ट विजा. गुराखी पोरे पाऊस आला की शेळ्या घेऊन एकट्या मोठ्या झाडाखाली थांबतात. झाडावर वीज पडली तर पोर आणि कळप दोन्ही जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे अॅप काढले आहे, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देते. प्रत्येक पाड्यावर निदान दोन मोबाइलमध्ये ते घालून देतो. ढग गडगडू लागले की माघारी फिरायचे, ही शिस्त मुलांना लावतो.

आणि सातवी, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे जागा. माणसे शाळेत जातील, पण जनावरे कुठे? हे पूर येण्याआधी ग्रामपंचायतीच्या बैठकीत ठरले पाहिजे. शाळा साफ राहावी ही अपेक्षा चुकीची नाही. जनावरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टोसारखा आजार पाण्यात उतरतो, तेव्हा माणसे आणि जनावरे एकाच खोलीत नकोतच. पण त्याच आवारात, उंचवट्यावर, पाणी माणसांच्या बाजूला वाहणार नाही अशा ठिकाणी बांबूच्या खांबांवर ताडपत्री टाकली तर चाळीस शेळ्या सहज उभ्या राहतात. कुत्री वेगळ्या बाजूला बांधायची. राखणीला दर घरातून आळीपाळीने एक माणूस. आतापर्यंत दोन ग्रामपंचायतींनी आमच्या विनंतीवरून अशी जागा ठरवून दिली आहे. तिथल्या लोकांच्या मनातली निघताना होणारी घालमेल कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एवढे करूनही जनावर गेले, तर पुढचे कागदाचे काम चुकवू नये. मेलेल्या जनावराचा बिल्ल्यासह फोटो काढायचा, तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवायचे, पंचनामा करून घ्यायचा आणि मगच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचे. 2022-23 ते 2025-26 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीसाठी 37,500 रुपये, बैलासाठी 32,000 रुपये, शेळी-मेंढीसाठी 4,000 रुपये आणि कोंबडीसाठी 100 रुपये अशी मदत आहे. घरामागे किती जनावरांसाठी, याला मर्यादा आहेत. चार हजारांत आज मोठी शेळी येत नाही, हे खरे. पण पंचनामा नसेल तर तेही मिळत नाहीत. आजारी जनावरासाठी 1962 हा फुकटचा दूरध्वनी क्रमांक आहे, तो आम्ही प्रत्येक बालवाडीच्या भिंतीवर रंगवून ठेवला आहे.

आता दोन शब्द आपल्या स्वतःच्या घरासाठी. आपल्यापैकी अनेकांकडे कुत्रा, मांजर, पोपट नाहीतर लव्हबर्ड्स आहेत. मुंबई, ठाणे, पनवेलमध्येही पाणी भरते, इमारतींना आग लागते. आपल्या कुत्र्याचे लसीचे कार्ड आधार कार्डाच्या पिशवीतच ठेवा. एक पट्टा दाराजवळ टांगलेला असू द्या. पट्ट्यावर आपला फोन नंबर लिहा. मांजराला पिंजऱ्याची किंवा टोपलीची सवय आजच लावा, पाणी जिन्यात आल्यावर ते शिकणार नाही. तीन दिवसांचे खाणे आणि औषध वेगळ्या डब्यात ठेवा. कोणत्या नातेवाइकाकडे प्राण्यासह जाता येईल, ते फोन करून विचारून ठेवा. आणि बाहेरगावी जाताना कुत्र्याला गॅलरीत बांधून कधीही जाऊ नका. ज्याला आपल्या घरच्या मुक्या जिवाची अशी काळजी घ्यावीशी वाटते, त्याला पाड्यावरच्या माणसाची घालमेल मी अधिक समजावून सांगायची गरज नाही.

शेवटी मागणे. मी मागायला आले आहे, हे आपण ओळखलेच असेल. पूर ओसरल्यावर आपली मंडळी भरभरून देते. कपडे येतात, बिस्किटे येतात, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण या वर्षी थोडे आधी द्या. पाऊस सुरू होण्यापूर्वी आम्हांला ताडपत्र्या, सुती दोर, बांबू आणि लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांच्या प्रवासासाठी गाडी हवी आहे. मंडळीत कोणी पशुवैद्य असतील, निवृत्त असले तरी चालेल, तर मे महिन्यातील दोन शनिवार आम्हांला द्या. तरुण संघाने एका पाड्यावर येऊन शेड उभारायला हात लावावा. आणि ज्यांच्या गावी, ज्यांच्या ओळखीने ग्रामपंचायतीत किंवा शाळेच्या समितीत शब्द चालतो, त्यांनी एवढेच विचारावे की, “पूर आला तर शेळ्या कुठे बांधायच्या, हे ठरले आहे का?” या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, आणि उत्तर तयार असेल तर त्या रात्री कोणाला पाण्यात परत फिरावे लागणार नाही.

ज्याने माणसाला आणि जनावरालाही जीव दिला, तो आपले घर, आपली मुले आणि आपल्या दारातील प्रत्येक मुका जीव या पावसाळ्यात सांभाळो. बैठकीनंतर मी दाराजवळच्या टेबलापाशी आहे. नाव नोंदवून जा.